आईच्या केअर होमची नोंदणी रद्द झाली, हायकोर्टात जायचं का?

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली. सगळं समजतं, पण बोलणं अस्पष्ट आहे आणि जेवण नाकातल्या नळीतून द्यावं लागतं. मी बोरिवलीला वन बीएचकेत राहते, माझी नोकरी चर्चगेटला, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. म्हणून आईला घराजवळच्या केअर होममध्ये ठेवलं. एका इमारतीचे वरचे दोन मजले, २२ खाटा. आई तिथे रुळली आहे. या महिन्याच्या ३ तारखेला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसने त्यांची नोंदणी रद्द केली आणि १२ तारखेला ‘सात दिवसांत रुग्ण हलवा’ असं पत्र आलं. मालकांनी नोटिशीला चार पानी उत्तर दिलं आणि सुनावणीही लेखी मागितली होती, पण बोलावलंच नाही, असं ते सांगतात. आता ते हायकोर्टात रिट याचिका टाकणार आहेत. आम्हा नातेवाइकांना सह्या करायला आणि प्रत्येकी पंधरा हजार द्यायला सांगतात. कोर्ट लायसन परत मिळवून देईल, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणतो, त्या भानगडीत पडू नकोस, ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणात अर्ज कर. दोन्ही कागदांचे फोटो सोबत पाठवते आहे. सही करू का?

उत्तर : ताई, नमस्कार.

मुदती चालू आहेत म्हणून तुमचं पत्र रांगेत न ठेवता आधी घेतलं. मालकांच्या याचिकेवर आहे त्या स्वरूपात सही करू नका आणि पैसेही देऊ नका. पण कोर्टाचा रस्ता सोडूही नका. मालकांना कोर्टाकडून जे हवं आहे आणि तुमच्या आईला जे हवं आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईसाठी जे मागायचं ते आईच्या नावाने, वेगळं मागा.

आधी कागद बघू. ३ तारखेचा आदेश महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली काढलेला आहे. हा १९४९ चा, पूर्वी मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जाणारा कायदा. पुष्कळ लोकांना वाटतं की हा फक्त हॉस्पिटलांचा कायदा. तसं नाही. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते, अशी कुठलीही जागा त्याच्या व्याख्येत येते. नुसता राहण्याजेवण्याचा वृद्धाश्रम त्यात बसत नाही. पण तुमच्या आईला नळीतून अन्न दिलं जातं, कूस बदलली जाते, औषधं दिली जातात. त्यामुळे ‘आमचा साधा वृद्धाश्रम आहे, आम्हाला नोंदणी लागतच नाही’ असं मालक उद्या म्हणू लागले तर ते टिकणार नाही. मुंबईत या कायद्याखाली नोंदणी देण्याचे आणि रद्द करण्याचे अधिकार महापालिकेकडे आहेत.

नोंदणी रद्द करण्याची रीत याच कायद्याच्या कलम ८ मध्ये दिली आहे. आधी किमान एक महिन्याची नोटीस द्यायची, तीत कारणं लिहायची. नोटीस मिळाल्यापासून महिन्याभरात समोरच्याने ‘मला म्हणणं मांडायचं आहे’ असं लेखी कळवलं, तर आदेश काढण्यापूर्वी त्याला ती संधी द्यावीच लागते, स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत. त्यानंतरही रद्द करायचं ठरलं तर आदेशाची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची. आदेश पाठवल्याच्या तारखेपासून एका महिन्यात राज्य सरकारकडे अपील करता येतं. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे : आदेशापासून महिना पूर्ण होईपर्यंत तो अमलात येत नाही, आणि अपील केलं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत किंवा ते मागे घेतलं जाईपर्यंत येत नाही.

आता १२ तारखेचं पत्र पुन्हा वाचा. ३ तारखेच्या आदेशाचा महिना संपायच्या आत ‘सात दिवसांत हलवा’ म्हणायला याच कायद्याचा आधार घेतला असेल, तर ते पत्र कायद्याच्या विरुद्ध आहे. तुमच्या फोटोत पत्राचा वरचा भाग कापला गेला आहे, ‘संदर्भ’ची ओळ दिसत नाही. ती ओळ आजच बघून घ्या. तिथे अग्निसुरक्षेच्या कायद्याचा उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी होते. २००६ च्या त्या कायद्यात, जागा जिवाला तातडीने धोका आहे असं अग्निशमन अधिकाऱ्याला वाटलं, तर लोकांना बाहेर काढण्याचे आणि वीजपाणी तोडण्याचे अधिकार आहेत. त्याला महिन्याची वाट बघावी लागत नाही.

आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदाचा फोटो मात्र स्वच्छ आहे : ‘आपण सादर केलेला खुलासा समाधानकारक आढळून येत नाही. सबब वरिष्ठ कार्यालयाच्या निर्देशांनुसार आपली नोंदणी याद्वारे रद्द करण्यात येत आहे.’ सरकारी कागद ज्यांच्या हातून रोज जातात त्यांना हे वाक्य पाठ असतं. कोर्टात ते दोन ठिकाणी अडकतं.

पहिलं म्हणजे, खुलासा समाधानकारक का नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. नोटिशीत दोन आक्षेप होते, परिचारिका कमी आणि अग्निसुरक्षेची पूर्तता नाही. मालकांनी त्यावर चार पानी उत्तर दिलं असं तुम्ही लिहिता. त्यातला कोणता मुद्दा पटला, कोणता नाही, याचा आदेशात एक शब्द नाही. ज्या निर्णयाने कोणाचा हक्क किंवा उदरनिर्वाह जातो त्याला कारणं द्यावी लागतात, आणि ती आदेशातच असावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मोहिंदर सिंग गिल प्रकरणात हे अगदी ठामपणे सांगितलं : आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरून ठरवायची, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही.

दुसरा अडसर त्या ‘वरिष्ठ कार्यालयाच्या निर्देशांनुसार’ या शब्दांचा. यावरचा निवाडा आपल्या अंधेरीचा आहे. १९४७ साली गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधायची परवानगी मुंबईच्या पोलीस कमिशनरांनी दिली आणि थोड्याच महिन्यांत ती रद्द झाल्याचं पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं होतं की सरकारच्या सांगण्यावरून हे कळवत आहोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ साली न्यायालयाने म्हटलं, कायद्याने हा अधिकार कमिशनरांना दिला आहे, त्यांनी स्वतः डोकं लावून निर्णय घ्यायचा. दुसऱ्याचा हुकूम पुढे सरकवला तर तो त्यांचा निर्णयच नव्हे. गिल प्रकरणातला कारणांचा नियमही याच अंधेरीच्या निवाड्यावर उभा आहे. तुमच्या केअर होमच्या आदेशावर हा मुद्दा बरोबर लागू पडतो, आणि मालकांच्या वकिलांनी तो घेतला नसेल तर त्यांना तो जरूर सुचवा.

पण त्या खटल्याचा शेवट मालक तुम्हाला सांगणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृह बांधा असं म्हटलं नाही. कमिशनरांनी स्वतः विचार करून रद्द करायचं की नाही ते ठरवावं, असं म्हणून प्रकरण त्यांच्याकडे परत पाठवलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट जेव्हा असा निर्णय तपासतं, तेव्हा ते पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही. २२ खाटांना किती परिचारिका हव्यात, जिना पुरेसा रुंद आहे का, हे ते स्वतः ठरवत नाही. अधिकार होता का, नियम पाळले का, ऐकून घेतलं का, कारणं दिली का, निर्णय अगदीच तर्कहीन आहे का, एवढंच बघतं. सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ साली हेच सांगितलं, की न्यायालय निर्णय घेण्याची पद्धत तपासतं, निर्णयावर अपील ऐकत नाही. म्हणून ‘कोर्ट लायसन परत मिळवून देईल’ हे अर्धसत्य आहे. मालक जिंकले तर बहुधा आदेश रद्द होईल, अधिकाऱ्याला नव्याने सुनावणी घ्यायला सांगितलं जाईल आणि तोवर होम चालू राहील. नव्या सुनावणीनंतर सविस्तर कारणं लिहून पुन्हा रद्द करायला पालिकेला कोणी अडवणार नाही.

शिवाय हायकोर्टात पहिला प्रश्न येईल तो असा की अपिलाची सोय असताना थेट इथे कसे आलात? याला अपवाद आहेत. सुनावणीच दिली नसेल, अधिकारच नसेल, मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, तर अपील न करताही रिट चालतं, हे व्हर्लपूल प्रकरणात १९९८ साली स्पष्ट झालं आहे. मालकांना इथे सुनावणीचा मुद्दा आहेच. तरी मी त्यांच्या जागी असते तर आधी अपील दाखल केलं असतं. नुसतं अपील दाखल झाल्याने आदेश थांबतो, ही सोय कायद्याने फुकट दिली आहे, ती वाया का घालवायची? त्यांनी अपील केलं आहे का, एवढं स्पष्ट विचारा आणि मंत्रालयाच्या आवक शिक्क्याची प्रत मागा. मुदत आदेश पाठवल्यापासून मोजली जाते, हाती पडल्यापासून नाही. त्यामुळे आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट टाकून दिलेलं नसावं. त्यावरचा टपालाचा शिक्का हा पुरावा आहे. आणि त्यांनी अपील केलंच नसेल, तर पंधरा हजार मागणाऱ्या माणसाने सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय का टाळला, हे मला खरंच समजून घ्यायला आवडेल.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पालिकेचा कागद कच्चा आहे याचा अर्थ पालिकेची भीती खोटी आहे असा होत नाही. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलमधले रुग्ण अडकले. त्याच एप्रिलमध्ये विरारच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात आग लागली. जी माणसं स्वतः उठून चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी जिना मोकळा असणं हा फाइलमधला मुद्दा नसतो. तुमची आई वरच्या मजल्यावर आहे आणि तिला उचलायला दोन माणसं लागतात.

म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी एकदा रात्री नऊनंतर, न सांगता, तिथे जा. भेटायच्या वेळेत सगळीच होम्स बरी दिसतात. त्या मजल्यावर रात्री किती जण जागे आहेत ते बघा, आणि त्यांच्यात नर्सिंग शिकलेलं कोणी आहे की सगळ्या ब्युरोकडून आलेल्या मावशीच आहेत. मावशींना कमी लेखत नाही, आईची खरी सेवा त्याच करतात, पण नळी निघाली तर ती पुन्हा घालणं हे त्यांचं काम नव्हे. मग जिन्याने उतरा, लिफ्टने नको. कोपऱ्यात जुन्या गाद्या, व्हीलचेअर, ऑक्सिजनचे सिलिंडर रचलेत का? मागच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा. लायसन्सधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेही दाखवायला सांगा. आणि परत वर येऊन आईची पाठ आणि टाचा बघा. बेडसोअर असेल तर तो परिचारिका कमी असल्याचा पुरावा आहे, मालकांच्या चार पानी उत्तरापेक्षा मोठा.

जिना अडलेला असेल, दार बंद असेल, टाच लाल झालेली असेल, तर माझा सल्ला असा की ते होम चालू राहावं म्हणून एक रुपयाही खर्च करू नका. आईसाठी दुसरी खाट शोधा. सुनावणी झाली नाही हा मालकांवरचा अन्याय असेल, त्यांनी त्यासाठी जरूर लढावं. पण तुमच्या आईच्या जिवावर लढू नये.

आणि सगळं नीट आढळलं तर? तरी दुसरी खाट शोधून ठेवाच, कारण स्टे मिळाला तरी तो कायमचा नसतो. पण मग कोर्टात जायला तुमचं स्वतःचं कारणही आहे. नोंदणी रद्द करताना पालिकेने मालकांचं ऐकलं नाही, आणि खाटेवरच्या २२ माणसांचं तर कोणाच्या मनातही आलं नाही. त्यांना कुठे न्यायचं, कोणी न्यायचं, किती दिवसांत, यावर १२ तारखेच्या पत्रात एक ओळ नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो. वयोवृद्ध, नळीवर असलेल्या बाईला सात दिवसांत हलवा म्हणणाऱ्याने तिची प्रकृती विचारायला नको? ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ साली, याच मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि कोणालाही हटवण्यापूर्वी सर्वसाधारणपणे त्याचं ऐकून घ्यायला हवं. २०१८ साली अश्वनीकुमार प्रकरणात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काची दखल घेतली आणि प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून मागवायला केंद्राला सांगितलं. तुमच्या आईचं म्हणणं या वाटेने कोर्टापुढे ठेवता येतं.

पण मागणी माफक ठेवा. होम वाचवा, असं म्हणू नका. डॉक्टरांकडून प्रत्येक रुग्णाची तपासणी झाल्याशिवाय आणि पर्यायी खाट मिळाल्याशिवाय कोणाला हलवू नये, त्यासाठी ठरावीक अवधी द्यावा, आणि नव्या सुनावणीत रुग्णांच्या नातेवाइकांचंही ऐकावं, एवढंच मागा. मालकांचं रिट दाखल झालं असेल तर त्यात हस्तक्षेप अर्ज, म्हणजे ‘आमचंही ऐका’ असा अर्ज, करता येईल, नसेल तर वेगळी याचिका. तीन-चार कुटुंबं एकत्र आलात तर उत्तम. सात दिवस संपत आलेत, त्यामुळे वकिलांना प्रेसिपी, म्हणजे प्रकरण लवकर सुनावणीला घ्यावं अशी लेखी विनंती, देऊन तातडीची सुनावणी मागावी लागेल, हे पहिल्या भेटीतच सांगा.

खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आई आणि तुम्ही दोघीही त्यात बसता. फोर्टला हायकोर्टातच उच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे, चर्चगेटच्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत चालत जाता येईल. अर्ज आईच्या नावाने करा. तिला समजतं असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मजकूर तिला मराठीत वाचून दाखवा, मान हलवून ती काय सांगते ते बघा आणि तिचा अंगठा घ्या. तिला तिथेच राहायचं आहे की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

भावाने सुचवलेलं न्यायाधिकरण या कामाचं नाही. २००७ च्या कायद्याखालची ती न्यायाधिकरणं मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासारख्या बाबींसाठी आहेत, केअर होमच्या नोंदणीवर त्यांचा अधिकार चालत नाही. तिकडे गेलात तर आठवडा हातचा जाईल. दुसरी जागा शोधताना मात्र ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. भरलेलं डिपॉझिट परत हवं अशी मागणी मालकांना आत्ताच लेखी देऊन ठेवा. नंतर ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तो कागद लागेल.

पालिकेने तपासणी केली तेव्हाचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. साधारण मुदत ३० दिवसांची आहे, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात आईची अवस्था लिहून तीच तरतूद मागा. नाही ऐकलं तरी अर्जाची पोच कोर्टात दाखवता येते.

आणि आईला बघणाऱ्या डॉक्टरांकडून उद्याच एक चिठ्ठी घ्या. ‘हलवण्यास अयोग्य’ एवढं मोघम लिहून घेऊ नका, त्यावर पालिकेचे वकील लगेच बोट ठेवतील. कोणत्या अवस्थेत हलवता येईल, रुग्णवाहिकेत सोबत कोण हवं, नळी शेवटची कधी बदलली, नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून कोणती सोय तयार असायला हवी, हे तारखेसह, सही-शिक्क्यासह लिहून मागा. त्याच्या तीन प्रती काढा. एक वकिलांना, एक वॉर्ड ऑफिसच्या आवक टेबलावर शिक्का घेऊन, आणि एक आईच्या फाइलमध्ये.